विश्लेषण : इंग्लंडमध्ये मुलाला हवी ती शाळा मिळाली नाही, तर अपील करावे का?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला मावसबहिणीचा फोन आला. ती लंडनच्या पश्चिमेला राहते, तिथे तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. आवाजावरून वाटले, घरात कुणाला तरी काही झाले. तसे काही नव्हते. काउन्सिलचा ई-मेल आला होता आणि भाच्याला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नव्हती. मिळाली ती तिसरी, दोन बस बदलून जावी लागणारी. ‘‘अगं, तू इंजिनीअर आहेस, पेपरात आहेस, जरा बघ ना. अपील का काय ते करता येतं म्हणे. करू का? की उगाच हसं होईल?’’

इंजिनीअर असण्याचा आणि या प्रश्नाचा काही संबंध नाही, पण घरात एकदा शिक्का बसला की बसला. नियम वाचायला घेतले. मग लक्षात आले की दर वर्षी याच आठवड्यात स्लाव, हाउन्स्लो, हॅरो, रेडिंग अशा ठिकाणच्या मराठी घरांमध्ये हाच प्रश्न पडतो आणि आपल्याकडच्या प्रवेशप्रक्रियेचा अनुभव तिथे मदतीपेक्षा घोटाळाच जास्त करतो.

१ मार्चला नेमके काय होते?

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळा ‘इयर सेव्हन’पासून, म्हणजे साधारण अकराव्या वर्षी सुरू होते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांसाठी आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आपल्या काउन्सिलकडे अर्ज करायचा असतो. त्यात भागानुसार तीन ते सहा शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या. निकाल १ मार्चला, त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. याला ‘नॅशनल ऑफर डे’ म्हणतात. अलीकडच्या वर्षांत इंग्लंडभरात शंभरातल्या साधारण ८३ मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळते. लंडनमध्ये हेच प्रमाण सत्तरच्या आसपास आहे.

शाळेकडे जागांपेक्षा जास्त अर्ज आले, की आधीच जाहीर केलेल्या निकषांनुसार क्रम लावला जातो. सरकारी देखभालीतली मुले आधी, त्यानंतर बहुतेक ठिकाणी भावंड त्याच शाळेत असलेली, मग घरापासूनचे अंतर. काही शाळांत धर्माचा निकषही असतो. तुम्ही ती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली, हे शाळेला कळतच नाही. त्यामुळे ‘एकच शाळा लिहिली की तीच द्यावी लागते’ हा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा लाडका सल्ला निव्वळ चुकीचा आहे. एकच लिहिली आणि ती हुकली, तर काउन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवते.

मिळालेली शाळा नाकारावी लागते का?

नाही. ताईची पहिली चूक इथेच होणार होती आणि ती का होणार होती, हे मला चांगलेच समजते. आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आमच्या वेळी इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडला ‘फ्रीझ’ करायचे की ‘फ्लोट’, यावरून घराघरांत रात्रभर चर्चा झडायच्या. एकदा ‘हो’ म्हटले की दार बंद, ही भीती आपल्या अंगात मुरलेली आहे.

इंग्लंडमध्ये तसे नाही. मिळालेली जागा स्वीकारल्याने अपिलाचा हक्क जात नाही, वेटिंग लिस्टमधले स्थानही बदलत नाही. अपील ऐकणाऱ्यांनी ‘यांनी तर दुसरी शाळा घेतली आहे’ असा अर्थ काढायचा नसतो. उलट नाकारली, तर काउन्सिल दुसरी शाळा शोधून देईलच याची खात्री नाही आणि अपील फेटाळले गेले, तर सप्टेंबरमध्ये मूल शाळेविना राहू शकते. तेव्हा आलेल्या मुदतीत जागा स्वीकारायची, हव्या त्या शाळांच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव आहे ना ते पाहायचे, आणि मग शांतपणे अपिलाचा विचार करायचा. हा क्रम चुकवू नये.

अपील ऐकते कोण?

१९९८च्या स्कूल स्टँडर्ड्स अँड फ्रेमवर्क कायद्याने पालकांना हा हक्क दिला आहे. सुनावणी कशी घ्यायची, हे २०२२च्या अपील संहितेत आहे. तीन किंवा अधिक सदस्यांचे स्वतंत्र पॅनेल असते. त्यात एक शिक्षणक्षेत्राचा अनुभव असलेला आणि एक शाळा चालवण्याशी संबंध नसलेला सामान्य नागरिक असावाच लागतो. हे लोक मानधन घेत नाहीत, शाळेचे किंवा काउन्सिलचे नोकर नसतात. त्यांचा निर्णय शाळेला बंधनकारक असतो. अपिलाला फी नाही.

नकार कळल्यापासून किमान २० शालेय दिवसांची मुदत अपील दाखल करायला मिळते. शाळेने आपले वेळापत्रक २८ फेब्रुवारीपर्यंत वेबसाइटवर टाकलेले असते, तारीख तिथेच पाहावी. मुदत संपल्यापासून ४० शालेय दिवसांत सुनावणी व्हायला हवी. मधल्या ईस्टरच्या सुट्ट्या धरल्या, तर निकाल हातात यायला जून उजाडू शकतो. सुनावणीची सूचना किमान १० शालेय दिवस आधी मिळते. ती समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर होते.

ताईचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. ‘‘इथे एकजण त्या शाळेच्या हेडना ओळखतात. त्यांच्याकडून पत्र आणलं तर?’’ उपयोग नाही. ज्या शाळेविरुद्ध अपील आहे, त्या शाळेच्या प्रतिनिधींनी एखाद्या मुलाच्या बाजूने सुनावणीत बोलायचे नाही आणि शिफारसपत्रही द्यायचे नाही, असे संहिताच सांगते. डोनेशनचा तर विषयच येत नाही.

मग पॅनेल नेमके तोलते काय?

बहुतेक पालकांचा गोंधळ इथे होतो. ‘मिळालेली शाळा वाईट आहे’ हे सिद्ध करायला ते जातात. पॅनेलपुढे तो प्रश्नच नसतो.

काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात पाहायचे ते असे : शाळेचे प्रवेशाचे नियम कायद्याला धरून होते का, ते तुमच्या मुलाला नीट लावले गेले का, आणि आणखी एक मूल घेतल्याने शाळेच्या शिकवण्यावर किंवा साधनांवर खरोखर ताण येईल का. हे तिसरे शाळेने पटवून द्यायचे असते. ‘आमची जाहीर संख्या १८० आहे आणि १८० भरले’ एवढ्यावर भागत नाही. त्यामुळे पालक विचारू शकतात : मागच्या वर्षांत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मुले घेतली होती का? वर्गखोल्या किती, प्रयोगशाळेत एका वेळी किती मुले? आत्ता वरच्या इयत्तांत किती आहेत? एकाच शाळेसाठी बरीच अपिले असतील, तर हा टप्पा सगळ्या पालकांना एकत्र बसवून घेतात आणि वैयक्तिक म्हणणे नंतर ऐकतात.

लहान मुलांच्या वर्गात तीसची कायदेशीर मर्यादा असल्याने तिथली अपिले फार अवघड असतात. माध्यमिकला ती मर्यादा लागू नाही. म्हणून इथे दुसऱ्या टप्प्याला खरा अर्थ आहे. एका पारड्यात शाळेला होणारा त्रास, दुसऱ्या पारड्यात तुमच्या मुलाला ही शाळा न मिळाल्याने होणारे नुकसान. दुसरे जड झाले, तर पॅनेल प्रवेश द्यायला सांगते. सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या माध्यमिक अपिलांपैकी साधारण पाचातले एक मंजूर होते. हा आकडा सगळ्यांना मिळून आहे. भक्कम प्रकरणे आणि ‘टाकून तर बघू’ म्हणून केलेली, दोन्ही त्यात आली.

चूक झाली आहे का, हे आधी कसे पाहायचे?

सगळ्यात सरळ अपील हे चुकीचे असते. नियम नीट लावले असते तर या मुलाला जागा मिळाली असती, असे दिसले की पॅनेल सहसा दुसऱ्या टप्प्यात शिरत नाही. म्हणून भावना बाजूला ठेवून पहिले दोन दिवस कागद तपासावेत. शाळेला किंवा काउन्सिलला ई-मेल करून विचारावे : माझ्या मुलाला कोणत्या गटात धरले, घरापासूनचे अंतर किती मोजले, शेवटच्या प्रवेश मिळालेल्या मुलाचे अंतर किती होते. अंतर सरळ रेषेत मोजायचे की चालण्याच्या रस्त्याने, हे शाळेच्या नियमांत लिहिलेले असते. गुगल मॅपवर आपण काढलेल्या आकड्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

आपल्या लोकांबाबत वारंवार अडचण येते ती पत्त्याची. कंपनीने पाठवले, भाड्याचे घर, वर्षभरात दुसरे घर. ऑक्टोबरनंतर घर बदलले असेल, तर काउन्सिलने कोणता पत्ता धरला आणि तिच्या नियमांप्रमाणे कोणता धरायला हवा होता, हे जरूर पाहावे. धार्मिक शाळांना वेगळा पुरवणी अर्ज लागतो. तो भरला नसेल, तर मात्र ती शाळेची चूक ठरत नाही.

ताईच्या बाबतीत अंतर बरोबर होते, गट बरोबर होता. चूक नव्हती.

कोणती कारणे टिकतात, कोणती नाहीत?

न टिकणाऱ्यांची यादी लांब आहे आणि त्यातली बहुतेक आपल्याला मनापासून पटणारी असतात. शाळेचा निकाल चांगला आहे. तपासणीचा अहवाल चांगला आहे (शाळेला एकाच शब्दात शेरा देण्याची ऑफस्टेडची पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली, पण पालकांच्या तोंडी ‘आउटस्टँडिंग’ अजून आहेच). मुलगा हुशार आहे. आम्ही याच शाळेसाठी इथे घर घेतले. एक मूल वाढले तर काय बिघडते? ही वाक्ये त्या दिवशी खोलीतला प्रत्येक पालक म्हणणार असतो. पॅनेलने त्यातून निवडायचे कसे?

टिकते ते कारण, जे या मुलाला या शाळेशी जोडते आणि ज्यामागे त्रयस्थाचा कागद असतो. आजारपण असेल, तर डॉक्टरांचे पत्र हवे. तेही ‘मुलाला दमा आहे’ एवढेच नको, तर लांबच्या प्रवासाने काय होईल आणि हीच शाळा का, हे सांगणारे. ‘आई सांगते की…’ अशी सुरुवात असलेल्या पत्राला फारसे वजन नसते, कारण डॉक्टरांनी फक्त तुमचेच म्हणणे उतरवलेले असते. एखादा विषय या शाळेत आहे आणि मिळालेल्या शाळेत नाही, हे सांगायचे असेल, तर मुलाचा त्यातला पूर्वीचा अभ्यास दाखवता आला पाहिजे. गेल्या महिन्यात लावलेला क्लास ओळखू येतो. प्रवासाची अडचण असेल, तर बसचे वेळापत्रक जोडावे. आठ वर्षांवरील मुलासाठी तीन मैल, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर चालणे तिथल्या मोफत वाहतुकीच्या नियमांत सामान्य धरलेले आहे, हेही लक्षात ठेवावे. आईवडिलांच्या शिफ्टचे कारण एकटे सहसा पुरत नाही.

मित्र त्याच शाळेत जाणार आहेत, हेही याच कमकुवत यादीतले. ताईने फोनवर तेच सांगितले, तेव्हा मी जरा कोरडेपणानेच म्हटले, ‘‘ताई, हे नाही चालायचं.’’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘तो पहिलं वर्ष शाळेत बोलतच नव्हता, हे तुला माहीत नाही ना?’’

मला माहीत नव्हते. घरात कुणालाच सांगितलेले नव्हते. पुण्याहून गेल्यावर आठनऊ महिने तो वर्गात एक शब्द बोलला नव्हता. घरी बडबड, शाळेत तोंड बंद. शाळेने नोंदी ठेवल्या, एक शिक्षिका आठवड्यातून दोनदा त्याच्यासोबत बसायची. मग दोन मुलांशी तो बोलू लागला आणि त्यांच्यामुळे हळूहळू बाकीच्यांशी. ती दोघे पहिल्या पसंतीच्या शाळेत चालली आहेत. मिळालेल्या शाळेत त्याच्या प्राथमिक शाळेतून कुणीच नाही.

म्हणजे कारण तेच होते, मित्रांचे. पण त्यामागे दोन वर्षांच्या लेखी नोंदी होत्या, शिक्षिकेला स्वतः पाहिलेले लिहिता येणार होते, आणि ते दुसऱ्या कुणाच्या अपिलात असण्याची शक्यता फार कमी होती. हे अपील करण्यासारखे आहे, असे मी तेव्हा पहिल्यांदा म्हटले. मंजूर होईलच, असे म्हटले नाही.

ग्रामर शाळेचे वेगळे काय?

इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा आहेत आणि आपल्या लोकांचा ओढा त्यांच्याकडे असतो. इथे आधी पाहायचे, मूल परीक्षेत पात्र ठरले का. पात्र ठरून केवळ जागा कमी म्हणून हुकले असेल, तर अपील वर सांगितले तसेच चालते. पात्रच ठरले नसेल (स्लावच्या शाळांमध्ये पात्रतेचा गुण १११, बकिंगहॅमशरमध्ये १२१), तर गोष्ट अवघड होते. पॅनेल स्वतः परीक्षा घेत नाही. मूल त्या पातळीचे आहे याचा शाळेतला ठोस पुरावा आणि त्या दिवशी ते का कमी पडले, हे दाखवावे लागते. बकिंगहॅमशरसारख्या ठिकाणी अपिलाआधी फेरतपासणीची सोय आहे. ती करून घेतली असेल, तर पॅनेल आधी फक्त एवढेच पाहते की ती फेरतपासणी न्याय्य आणि सगळ्यांना सारखी झाली का. ‘दोन गुणांनी गेलं हो’ हे वाक्य तिथे आधी शंभरदा ऐकलेले असते. ट्युशनच्या सरांचे पत्रही फारसे चालत नाही, कारण त्यांचे पैसे आपणच दिलेले असतात.

मुलाकडे विशेष गरजांची कायदेशीर योजना, म्हणजे ‘ईएचसी प्लॅन’ असेल, तर हा मार्गच नाही. त्यांचे अपील वेगळ्या ट्रायब्यूनलकडे जाते.

अपील केल्याने नुकसान काय?

कागदावर काहीच नाही. हरलात, तरी मिळालेली शाळा तशीच राहते. वेटिंग लिस्ट किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू असते आणि ती नाव कधी घातले यावर चालत नाही, प्रवेशाच्या निकषांवर चालते. त्यामुळे नाव वर सरकते तसे खालीही जाऊ शकते. त्याच वर्षी त्याच शाळेसाठी पुन्हा अपील मात्र परिस्थितीत मोठा बदल झाल्याशिवाय करता येत नाही. सुनावणीच गैरपद्धतीने झाली, तर तक्रारीची सोय आहे. काउन्सिलच्या शाळांसाठी लोकपालाकडे, अॅकॅडमी शाळांसाठी शिक्षण खात्याकडे. बहुतांश माध्यमिक शाळा आता अॅकॅडमी आहेत. पण निकाल आवडला नाही, एवढ्यावर तक्रार होत नाही.

खरी किंमत घरात मोजावी लागते. मार्च ते जून अकरा वर्षांचे मूल ऐकत असते की त्याला मिळालेली शाळा त्याच्या आईवडिलांना नको आहे. त्यातल्या पाचापैकी चौघांना सप्टेंबरमध्ये त्याच शाळेत जायचे असते. जूनजुलैत नवीन शाळा मुलांना ओळखीसाठी एक दिवस बोलावते, त्या दिवशी पाठवायचे का? ब्लेझर घ्यायचा की थांबायचे? पैसे घेऊन अपील लिहून देणारे सल्लागारही तिथे आहेत. माझ्या मते त्यांची गरज क्वचितच पडते. संहिता सोप्या इंग्रजीत आहे, आणि पॅनेलला तयार मसुद्यापेक्षा घरचे दोन पानी सरळ पत्र जास्त कळते.

कारण कमकुवत असेल, तर तो वेळ मिळालेल्या शाळेत एकदा जाऊन यायला द्यावा, असे मी सांगेन. तिथे प्रत्यक्ष पाऊल न टाकता तिला नावे ठेवणारे बरेच असतात. ताईही गेली नव्हती. नंतर गेली. शाळा ठीक होती, ग्रंथालय तर चांगलेच मोठे होते, असे तिनेच सांगितले.

तिला अडले ते भलत्याच ठिकाणी. अपील करायचे तर मुलगा बोलत नव्हता, हे लिहावे लागणार होते. आजीआजोबांपासून दोन वर्षे लपवलेली गोष्ट तीन अनोळखी माणसांपुढे कागदावर मांडायची. तिने आधी लिहिलेल्या मसुद्यात त्याचे गणितातले मार्क होते, स्विमिंगचे बॅज होते, बुद्धिबळ होते, आणि न बोलण्यावर अर्धी ओळ. आपण सगळे असेच लिहितो, मूल किती गुणी आहे ते. पॅनेलला त्यातले काहीच उपयोगाचे नव्हते. मी तिला तसे कळवले. दोन दिवस उत्तर आले नाही.

मग तिने पत्र त्यालाच वाचायला दिले. या लेखात त्याच्याबद्दल लिहायलाही त्याने नाव न घालण्याच्या अटीवर ‘ओके’ म्हटले आहे. पत्रात तिने ‘तो कुणाशीच बोलत नसे’ असे लिहिले होते. त्याने पेन्सिलने खाली लिहिले, की जेवणघरातल्या काकूंशी तो पहिल्या आठवड्यापासून बोलत होता. ते वाक्य दुरुस्त करून, शिक्षिकेचे पत्र आणि शाळेच्या नोंदी जोडून तिने मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज पाठवला. मिळालेल्या शाळेची जागाही स्वीकारली आहे. सुनावणी मे महिन्यात, व्हिडिओ कॉलवर आहे. ब्लेझर अजून घेतलेला नाही.